आरंभापूर्वीचा आरंभ : चित्रपट आणि प्रबंध यांच्या पहिल्या पानांचा तौलनिक अभ्यास

१. विषयाचे महत्त्व

चित्रपटावर संशोधन करणाऱ्यांचा एक मोठा दोष असा, की ते चित्रपट सुरू झाल्यावर तो पाहू लागतात. प्रबंधाचे परीक्षक त्यांच्याही पुढे गेलेले असतात. ते अनुक्रमणिकेवरून थेट निष्कर्षावर उतरतात. परिणामी, चित्रपटाच्या आधी पडद्यावर येणारे प्रमाणपत्र, डिस्क्लेमर, इशारे आणि आभार, तसेच प्रबंधाच्या आधी बांधलेले प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश, हा सारा मजकूर आजवर अनाथ राहिला आहे. भाषेच्या अभ्यासकांना तो साहित्य वाटत नाही, माध्यमवाल्यांना तो संदेश वाटत नाही, चित्रपटवाल्यांना तो चित्रपट वाटत नाही आणि संस्कृतीवाल्यांना त्यात अद्याप सत्तासंबंध सापडलेले नाहीत. चार विद्याशाखांच्या बांधावर पडलेली अशी जमीन कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. तिला आंतरविद्याशाखीय म्हणतात. प्रस्तुत लेखकाने ती कसायला घेतली आहे.

शीर्षकात अपूर्णविराम कशासाठी, असे कोणी विचारील. मानव्यविद्येतील शोधनिबंधाला त्याशिवाय शीर्षकच लाभत नाही. अपूर्णविरामाच्या आधी लेखक कवी असतो, नंतर अर्जदार.

२. गृहीतके

(अ) चित्रपट आणि प्रबंध हे एकाच वाङ्मयप्रकाराचे दोन अवतार आहेत. दोहोंना पैसा दुसऱ्याचा लागतो, दोहोंना मुदतवाढ लागते आणि दोन्ही पूर्ण झाल्यावर घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात.

(आ) दोघांनाही कशाशी तरी साम्य निघण्याची भीती वाटते; मात्र दोघांची कारणे परस्परविरुद्ध आहेत.

(इ) दोघांतही खरे बोलले जाते ते फक्त आभारांत.

गृहीतके निष्कर्षानंतर लिहिली की ती हमखास सिद्ध होतात, या प्रस्थापित संशोधनपद्धतीचा येथे अवलंब केला आहे.

३. पूर्वसूरींचा आढावा

या विषयाचा पहिला अभ्यासक भरतमुनी. नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय त्याने सबंध पूर्वरंगाला वाहिला आहे. नाटक सुरू होण्याआधी काय काय करावे याची १९ अंगे त्यात आहेत. पहिली ९ पडद्याआड उरकायची आणि उरलेली १० पडद्यापुढे. वाद्ये मांडणे, सूर जुळवणे, मग नांदी, मग सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक या तिघांचा ‘त्रिगत’ नावाचा संवाद, आणि शेवटी प्ररोचना, म्हणजे पुढे जे येणार आहे त्याची भलामण. यातील एकही अंग आज लोप पावलेले नाही. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह नांदीच्या जागी आले. (प्रभातची तुतारी वाजवणारी स्त्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नांदी निराळी सांगावी लागत नाही.) त्रिगताच्या जागी तंबाखूविरोधी चित्रफीत आणि तिच्या पाठोपाठ एखाद्या नटाने तोंडात वेलची टाकण्याची जाहिरात आली. या दोहोंतला विदूषक कोण, हा प्रश्न मात्र भरताने सोडवलेला नाही.

त्याच अध्यायात भरताने बजावले आहे, की पूर्वरंगातले गाणे-नाचणे अती लांबवू नये. त्याने करणाराही शिणतो आणि पाहणाराही. मल्टिप्लेक्सच्या संचालकांनी पाचवा अध्याय वाचलेला नाही, हे यावरून सप्रमाण सिद्ध होते.

महाराष्ट्राला पूर्वरंगाची ओळख मुख्यतः कीर्तनातून झाली. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. निरूपण संपल्याचा अंदाज घेऊन आख्यानाला येऊन बसणारा श्रोता पूर्वापार आहे. जाहिराती संपल्यावर अंधारात इतरांच्या पायांवरून खुर्चीकडे जाणारा प्रेक्षक हा त्याचाच वंशज होय. त्याला उशीर झालेला नसतो. तो परंपरा पाळत असतो.

पाश्चात्त्यांपैकी जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली एक अख्खे पुस्तक लिहून पुस्तकाच्या नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, टीपा अशा भोवतालच्या मजकुराची, म्हणजे त्याच्या शब्दांत ‘पॅराटेक्स्ट’ची, शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. मराठी प्रबंधाचा आणि तालुक्याच्या गावी चित्रित झालेल्या मराठी चित्रपटाचा त्याने विचार केलेला नाही. संशोधनातील पोकळी म्हणतात ती हीच. प्रत्येक संशोधकाला एक पोकळी लागते, आणि ती सापडेपर्यंत त्याला पूर्वसूरींचे वाचन करावे लागते. येथे ती लवकर सापडल्यामुळे वाचन थांबवले आहे.

४. प्रमाणपत्र

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा त्याच्या आधी प्रमाणपत्र नव्हते, कारण ते देणारा कायदाच नव्हता. कायदा आला १९१८ साली. म्हणजे भारतीय चित्रपट निदान पाच वर्षे प्रमाणपत्रावाचून जगला. त्या काळात सत्यवचनी हरिश्चंद्राच्या चारित्र्याची हमी कोणी घेतली होती, याचा कागद उपलब्ध नाही.

सध्याचा कायदा १९५२ सालचा. १९८३ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ गेले आणि प्रमाणन आले. जनतेने हा बदल नम्रपणे नाकारला. आजही चित्रपट ‘सेन्सॉरला’च अडकतो, प्रमाणनाला अडकलेला चित्रपट कोणी ऐकलेला नाही. १९८३ मध्येच ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या जोडीला ‘यूए’ आणि ‘एस’ हे वर्ग आले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन पोटवर्ग पाडले. त्यामुळे सातव्या, तेराव्या आणि सोळाव्या वाढदिवसाला मराठी घरात काय बदलते, याचा पाठ्यक्रम आता सरकारकडे तयार आहे.

त्याच दुरुस्तीने आणखी एक तात्त्विक क्रांती केली. पूर्वी प्रमाणपत्र १० वर्षांपुरते वैध असे. आता ते कायमचे. पीएच.डी.ने ही अवस्था फार आधी गाठली होती. पदवीला मुदत नसते. तिच्या विषयाची मुदत संपली तरी ती चालते.

चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील मजकुराचे वाचन एकेकाळी सामूहिक रीतीने होई. अर्जदाराचे नाव किंवा समितीच्या सदस्यांची नावे कोणी वाचत नसे. सगळ्या थिएटरची नजर एकाच आकड्यावर खिळे : रिळे किती? एक रीळ साधारण हजार फुटांचे, म्हणजे पडद्यावर दहा-अकरा मिनिटांचे. सोळा, अठरा असा आकडा दिसला की तिकिटाचे पैसे वसूल झाल्याची लाट मागच्या रांगांपर्यंत जाई. चित्रपट डिजिटल झाला, रिळे गेली आणि सौंदर्यशास्त्रातील एक निर्विवाद निकष हरपला. सुदैवाने विद्यापीठांनी तो जपून ठेवला आहे. प्रबंधाबद्दलचा पहिला प्रश्न आजही ‘काय म्हणतो?’ हा नसून ‘किती पानी झाला?’ हाच असतो.

जाणकारांसाठी प्रमाणपत्रावर आणखी एक खूण असते. चित्रपटातून काही कापले गेले असेल, तर तेथे एक त्रिकोण काढलेला असतो आणि काय कापले त्याची यादी दुसऱ्या भागात दिलेली असते. या त्रिकोणाकडे अभ्यासकांनी पाहिलेले नाही, ही खेदाची बाब आहे. निर्माता, दिग्दर्शक आणि मंडळ हे त्याचे तीन कोन; यांतील कोणाचेही कोणावर प्रेम नसते, हाच काय तो चित्रपटातील नेहमीच्या त्रिकोणाहून फरक. प्रबंधातही कापाकापी होते. मार्गदर्शक तिसरे प्रकरण काढायला लावतात, पाचव्यातले आपल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव गाळायला लावतात आणि आपल्या एका जुन्या लेखाचा उल्लेख घालायला लावतात. मात्र त्यांच्या सहीच्या प्रमाणपत्रावर त्रिकोण नसतो. सबब, पारदर्शकतेच्या बाबतीत सरकारी मंडळ विद्यापीठाच्या पुढे आहे, हा या प्रकरणाचा अनपेक्षित निष्कर्ष होय.

५. साम्याचे भय

पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, असे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही नम्रता आपल्या मातीतली नाही. तिच्या मुळाशी रशियातला एक खून, हॉलीवूडमधली एक कंपनी आणि लंडनमधले एक न्यायालय आहे.

१९१६ मध्ये रास्पुतिनचा खून झाला. मारणाऱ्यांत फेलिक्स युसुपोव हा उमराव होता, आणि ते त्याने लपवले तर नाहीच, उलट पुस्तक लिहून सविस्तर सांगितले. १९३२ मध्ये एमजीएमने यावर ‘रास्पुतिन अँड द एम्प्रेस’ हा चित्रपट काढला. त्यात एका राजकन्येवर रास्पुतिन अत्याचार करतो असे दाखवले होते. ही आपणच, असे म्हणत युसुपोवच्या पत्नीने, इरिनाने, लंडनमध्ये दावा लावला आणि १९३४ मध्ये तो जिंकला. भरपाई २५,००० पौंड. कंपनीची खरी चूक चित्रपटाच्या पहिल्याच पाटीत होती : यातली काही माणसे आजही हयात आहेत, असे तिने अभिमानाने जाहीर केले होते. त्यांपैकी एक हयात व्यक्ती कोर्टात आली. या धड्यानंतर हॉलीवूडने उलटी पाटी लावायला सुरुवात केली आणि ती जगभर गेली. नवऱ्याला खुनी म्हटल्याबद्दल या घराण्याची तक्रार नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. सत्याने कोणाची बदनामी होत नाही.

आता प्रबंधाकडे वळू. प्रबंधाचे प्रतिज्ञापत्र याच्या नेमके उलट बोलते : यातले सर्व माझे स्वतःचे आहे. या दाव्याची तपासणी न्यायालय करीत नाही, संगणक करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर संहिता सुधारून पुन्हा द्यायची. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर मनाई. ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. चित्रपटाच्या वर्गवारीशी हे ताडून पाहावे. १० टक्क्यांपर्यंतचा प्रबंध ‘यू’, म्हणजे कोणालाही दाखवावा असा. पुढचा ‘यूए’, म्हणजे मार्गदर्शकाच्या सोबतीने पाहावा असा. त्यापुढचा ‘ए’, म्हणजे फक्त संबंधितांनी दार लावून वाचावा असा. शेवटचा ‘एस’, तज्ज्ञांपुरता, कारण मूळ लेखक कोण हे त्यांनाच ओळखू येते.

यातून एक सिद्धांत निघतो. काल्पनिक म्हणवणाऱ्या चित्रपटात प्रेक्षकाला शेजारचा माणूस दिसतो. मौलिक म्हणवणाऱ्या प्रबंधात परीक्षकाला शेजारचा प्रबंध दिसतो. पहिल्या प्रकारात साम्याला वास्तववाद म्हणतात आणि पुरस्कार देतात. दुसऱ्यात त्याच गोष्टीची टक्केवारी काढतात. या विषमतेविरुद्ध संशोधकांनी आजवर आवाज उठवला नाही, याचे कारण तो आवाज आधी कोणी उठवला होता का, हे तपासावे लागले असते.

ऐतिहासिक चित्रपटांची स्थिती निराळी. तेथे डिस्क्लेमर दोन-तीन पडदे भरून असतो : कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, इतिहासाचा आदर आहे, काही ठिकाणी सिनेमॅटिक लिबर्टी घेतली आहे. नेमकी कोठे, ते वाचण्याइतका वेळ तो मजकूर पडद्यावर थांबत नाही. वाचनाचा वेग आणि भावना दुखावण्याचा वेग यांचे व्यस्त प्रमाण असते. निर्माते ते जाणून असावेत.

६. इशारे आणि मर्यादा

२ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनी चित्रपटाच्या पूर्वरंगात भर घातली. पडद्यावर तंबाखू दिसणार असेल, तर सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांची आरोग्यफीत, किमान २० सेकंदांचा डिस्क्लेमर, आणि ओढण्याचे दृश्य चालू असेतोवर तळाशी पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा. २०१३ मध्ये वुडी ॲलनने आपल्या ‘ब्लू जास्मिन’मध्ये हे चालणार नाही म्हणून चित्रपटच भारतात लावला नाही. मराठी दिग्दर्शक अधिक समंजस निघाले. त्यांच्या चित्रपटात पारावरचा म्हातारा चिलीम पेटवतो आणि तळाशी पट्टी उगवते. म्हाताऱ्याचे वय ऐंशी असते. पट्टीचे आणि म्हाताऱ्याचे एकमेकांविषयीचे मत प्रेक्षकाला कळत नाही, हे या कलाप्रकाराचे खरे नाट्य.

जनावरांचेही तेच. चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही, असे चित्रपट सांगतो, आणि त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. मंडळाचे कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. त्यामुळे माणदेशातल्या खोंडाला पडद्यावर दोन पावले टाकायची झाली, तर त्याची कागदपत्रे त्याच्यापेक्षा पुष्कळ लांब चालून येतात. माणसांना काही इजा झाली का, याविषयी मात्र चित्रपट मौन पाळतो. दिवसाच्या मजुरीवर राबलेल्यांनी यावर संशोधन करावे.

प्रबंधात या इशाऱ्यांची जागा ‘संशोधनाच्या मर्यादा’ हे उपप्रकरण घेते. चित्रपट धूम्रपान वाईट असे सांगून पुढच्याच दृश्यात नायकाच्या ओठी सिगारेट देतो. प्रबंधही, प्रस्तुत अभ्यास हवेली तालुक्यातील तीन गावांपुरता मर्यादित आहे, असे सांगून सातव्या प्रकरणात भारतीय स्त्रीच्या मानसिकतेवर भाष्य करतो. दोन्हीकडे इशारा दिला गेला की कर्तव्य संपते. किंबहुना, पुढे ते करता यावे म्हणूनच तो दिलेला असतो.

७. ऋणनिर्देश

आता आपण या शोधाच्या गाभ्याशी आलो. वर उल्लेखिलेल्या २०१८ च्या विनियमांत एक कलम असे आहे, की साम्याची तपासणी करताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळावेत. कायद्याने चोरी माफ असलेले प्रबंधाचे हे सर्वांत मोठे अभयारण्य. त्यामुळे कोणताही ऋणनिर्देश कोणत्याही ऋणनिर्देशासारखा असतो. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारात हा ओघ अखंड वाहतो आहे. इच्छुकांनी खात्री करावी.

त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मार्गदर्शक, ज्यांनी वेळोवेळी वेळ दिला. मग विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी. मग ग्रंथपाल. मग आई-वडील, सासू-सासरे. मग पती किंवा पत्नी, ज्यांच्या सहकार्यावाचून हे अशक्य होते. मग चिमुकली, जिच्या वाट्याचा वेळ प्रबंधाने खाल्ला. शेवटून दुसरा अक्षरजुळणी करणारा, ज्याने ‘प्रस्तुत’ हा शब्द हजार वेळा निमूटपणे टंकला. आणि शेवटी, ज्ञात-अज्ञात सर्व.

मराठी चित्रपटाच्या आभारांची शिडी हीच. आधी मंत्री, आमदार. मग जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस निरीक्षक. मग सरपंच, ग्रामसेवक. मग ज्या हॉटेलाने युनिटची सोय केली ते. मग ज्याचा वाडा वापरला ते कुटुंब. आणि शेवटी, समस्त ग्रामस्थ. दोन्ही याद्यांत वरून खाली येताना पद कमी होत जाते आणि केलेले काम वाढत जाते. तळाशी पोचेपर्यंत नावच उरत नाही. मंत्र्यांनी चित्रपटासाठी काय केले, ते सांगणे अवघड आहे. समस्त ग्रामस्थांनी रात्रीच्या चित्रीकरणात कुत्री आवरली, जत्रेच्या दृश्यासाठी तीनदा जत्रा भरवली, नायिकेला नऊवारी नेसवली आणि जनरेटर बंद पडला तेव्हा आपल्या घरातून वायर टाकली.

म्हणूनच हे स्थळ संशोधनाच्या दृष्टीने विश्वसनीय ठरते. प्रमाणपत्र सत्तेच्या भाषेत असते, डिस्क्लेमर वकिलाच्या, इशारा खात्याच्या. आभारांची भाषा कितीही उसनी असली तरी त्यातली यादी खरी असते, कारण ती तपासायला कोणी बसलेले नसते. चित्रपट म्हणतो, यातले काहीच घडलेले नाही. आभार मात्र सांगतात, की कोणाच्या तरी ओसरीवर पन्नास माणसे महिनाभर जेवली. प्रबंध म्हणतो, हे सर्व मी एकट्याने केले. ऋणनिर्देश दोन पाने भरून त्याचा प्रतिवाद करतो. साम्याच्या तपासणीतून ही पाने वगळण्याचे खरे कारण तेच असावे. प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश एकाच प्रबंधात शेजारी शेजारी बांधलेले असतात आणि त्यांतले एक खोटे असते.

८. निष्कर्ष आणि शिफारशी

तिन्ही गृहीतके सिद्ध झाली आहेत. त्यावरून पुढील शिफारशी करण्यात येत आहेत.

एक : प्रबंधाच्या प्रमाणपत्रावरही त्रिकोण असावा आणि मार्गदर्शकांनी काय कापले, काय घालायला लावले, त्याची यादी दुसऱ्या भागात द्यावी. प्रबंधाची खरी कथा तीच.

दोन : चित्रपटाच्या आभारांचा क्रम वर्षातून एकदा तरी उलटा करावा. समस्त ग्रामस्थ आधी, मंत्री शेवटी. प्रेक्षक तोवर खुर्ची शोधत असल्यामुळे मंत्र्यांच्या नावाची पाटी त्यांना बसून, स्वस्थपणे वाचता येईल. मंत्र्यांचाही विरोध राहणार नाही.

तीन : प्रबंधातील मर्यादांचे उपप्रकरण एकाच ठिकाणी न छापता, निष्कर्षाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत, विधान चालू असेतोवर, छापावे.

चार : मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी प्रबंधाविषयी प्रश्न विचारून उमेदवाराची आणि स्वतःची पंचाईत करू नये. त्यांनी ऋणनिर्देशाचे शेवटचे वाक्य उघडावे आणि एवढेच विचारावे : ज्ञात-अज्ञातांपैकी अज्ञात कोण? ज्याला नावे सांगता येतील त्याला पदवी तेथेच द्यावी. ज्याला एकही सांगता येणार नाही, त्याने प्रबंध खरोखरच एकट्याने लिहिला असण्याची शक्यता आहे. त्याचा मात्र वाचून पाहावा.